उमेळ्याचा बँड थांबत नाही

पुणे, ४ नोव्हेंबर २०२४

ति. आलोशियसकाकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर बँडचं नाव काढलं की तुम्ही चिडता, म्हणून हे पत्र. डीजेने लग्नं पळवली आणि नाताळनंतर तुम्ही बँडची वाद्यं विकणार, असं पपांनी सांगितलं. ऐकून रडू आलं. विकण्याआधी माझं एक काम करा.

आमच्या रॉक ग्रुपसाठी मी वीसेक मिनिटांची रचना बांधली आहे. आधी व्हायोलिन एकटंच, बुजऱ्या पोरीसारखं. मग ऑर्गन, गिटार, सात मात्रांचे ड्रम्स एकावर एक चढत जातात आणि अंगावर काटा येतो. अगदी टोकाला सगळं थांबतं. त्या शांततेनंतर जो मोठा सूर उठतो, तो मला तुमच्या बँडचा हवा आहे. जानेवारीत आपल्या चर्चच्या मैदानावर कार्यक्रम आहे. बेटीकाकींना मी आधीच फितवलंय.

लोभ आहेच, तो वाद्यांबरोबर विकू नका.

आपली,
रोवेना

उमेळे, २३ डिसेंबर

चि. रोवेना हिस,
अ. आ. वि. वि.

तुला हो म्हणालो, ती चूकच झाली. परवा नायगावच्या तालमीत तुझ्या त्या शांततेत आम्ही दर वेळी वाजवतच राहिलो आणि तू सगळ्यांदेखत ओरडलीस. तुझा राग खरा आहे. माझाही आहे.

लग्नाआधी विहिरीचं पाणी आणायची मिरवणूक दाराशी पोचेपर्यंत बँड थांबवायचा नाही, ही आमची रीत. वाटेत बँड गप्प झाला की लोक घाबरतात, काही वाईट घडलं म्हणून. एकाचा दम संपला की दुसऱ्याने उचलायचं. शेजारी वाजवणाऱ्या आग्नेलला ठसका लागला की माझ्या तोंडी ट्रम्पेट आपोआप जातो. जन्माची खोड एका तालमीत जात नाही गं. तू दुसरा बँड बघ. वाद्यं न्यायला माणूस येतोच आहे.

बाकी तुझी रचना वाईट नाही. तब्येतीला जप.

तुझा,
आलोशियसकाका

पुणे, २८ डिसेंबर

ति. काकांस,
सा. न. वि. वि.

तालमीचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. मी भलत्याच माणसांना गप्प करत होते.

शेवट बदलला आहे. तुम्ही स्टेजवर बसायचं नाही. चर्चच्या फाटकापासून वाजवत, चालत यायचं, आपल्या रीतीने. आधी आमच्या गोंगाटात तुम्ही कुणाला ऐकूच येणार नाही. मग आम्ही थांबू. तुम्ही स्टेजपाशी पोचेपर्यंत गप्प आम्ही बसू. त्या माणसाला तेवढे दिवस थोपवून धरा.

रागवा, पण या.

आपली,
रोवेना

उमेळे, २० जानेवारी २०२५

चि. रोवेना हिस,
अ. आ. वि. वि.

कार्यक्रम संपताच तू घाईत निघालीस, बोलायचं राहिलं. फाटकापाशी आम्ही वाजवायला लागलो. तुमचा गडगडाट असा, की मला माझाच ट्रम्पेट ऐकू येईना. आग्नेल तर नुसते गाल फुगवत असावा, असा संशय आहे. मग तुम्ही थांबलात आणि अख्खं मैदान आमच्याकडे वळलं. कुणी नाचेना, कुणी बोलेना. लग्नात बँड सगळ्यांना हवा असतो गं, ऐकत कुणी नाही. एवढी माणसं गप्प राहून आपली वाट बघताहेत, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. चालता चालता डोळे भरून आले.

वाद्यं विकत नाही. पुढची तालीम कधी ते कळव, आणि आमच्यासाठी खुर्च्या मांडू नकोस.

तुझा,
आलोशियसकाका