वाळत घातलेल्या पताका

ग्वाव्ह, ३० जून, दुपार

तीर्थरूप व्हर्नाताईस,

धाकट्या रॉलचा उभ्याउभ्याच नमस्कार. (वाकून करायचा तर डावा गुडघा परवानगी देत नाही, आणि का देत नाही ते पुढे येईलच.) तुझी रक्तदाबाची गोळी वेळेवर चालू असेल अशी आशा आहे. नसेल, तर हे पत्र पुढे वाचण्याआधी घे. इकडे सगळं ठीक. एल्मा तुझी आठवण काढते. बकरीला दोन करडं झाली. अंगणातल्या नीरफणसाची ती फांदी अखेर पडली, आणि ती ज्या छपरावर पडेल असं तू सात वर्षं बजावत होतीस त्याच छपरावर पडली, तेव्हा तुझं समाधान झालं असेल. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू बोलतेस आणि मी ‘हो ताई’ म्हणतो, हा आपला जन्माचा रिवाज आहे. या वेळी मला ‘नाही ताई’ म्हणायचं आहे, म्हणून कागद घेतला.

तू लिहिलं होतंस की मिस्टर पिलग्रिम सुट्टीवर येताहेत, त्यांना एखाद्या चार जणांच्या मासेमारीच्या सहलीत बसव, दिवसभर समुद्रावर ने, आणि माणूस कसा आहे ते कळव. वर हेही लिहिलंस की बाबा नाहीत, तेव्हा तुझाच शब्द शेवटचा, तू नको म्हणालास तर विषय संपला. ताई, एकोणसाठाव्या वर्षी लग्नाचं ठरवावं आणि त्याचा कौल धाकट्या भावाकडे मागावा, याने मला तीन रात्री झोप नाही. कारण मागचा कौलही मीच दिला होता. लेनॉक्स बाबांच्या बोटीवर पहिल्याच दिवशी आला, पहिल्याच दिवशी त्याने मार्लिनसारखा दांडगा मासा मारला, आणि किनारा यायच्या आत मी त्याला ‘दाजी’ म्हणून मोकळा झालो. पुढची अकरा वर्षं तू भोगलीस. त्या अकरा वर्षांत कुठलीच चूक कधी त्याची नव्हती: नोकरी गेली ती साहेबामुळे, गाडी ठोकली ती झाडामुळे, आणि घर सोडून गेला तो तुझ्यामुळे. तेव्हाच मी ठरवलं होतं की ‘दाजी’ हा शब्द पुन्हा माझ्या तोंडून सहजासहजी निघायचा नाही.

तर उत्तर आधीच सांगतो. नाही. आता कारणं ऐक.

पहिली गोष्ट, माणूस बार्बेडोसचा आहे हे तू चौथ्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंस, याचा अर्थ तुलाही त्याची लाज आहे. बार्बेडोसचा माणूस दुसऱ्याच्या घरी गेला की आधी भिंत ओळंब्यात आहे का ते बघतो. त्यात यांनी तीस वर्षं न्यूयॉर्कात घरोघरी गॅसची मीटरं तपासली. बोटीवर पाय ठेवायच्या आधी त्यांनी ‘एव्हलिन’ या नावातलं एक अक्षर जरा तिरकं रंगवलंय हे मला दाखवून दिलं. (आईचं नाव आहे ते. आणि तिरकं आहे, मान्य.) हे सगळं मी गिळलं. पण त्यांच्या हातात केळी होती.

ताई, तू कोळ्याची मुलगी आहेस. गळ टाकायला निघालेल्या बोटीवर केळं नेत नाहीत, हे तू चालायला लागण्याआधी शिकलीस. ब्रुकलिनला जाऊन नर्स झालीस म्हणून विसरलीस? कारण ते म्हणाले, केळी व्हर्नाने न्यायला सांगितली, पोटॅशियमसाठी. माझा जोडीदार कॉस्मॉस, जो चाळीस वर्षांत वादळाला घाबरला नाही, तो केळी बघून बोटीवरून खाली उतरला आणि धक्क्यावर पाठ करून बसला. मी म्हटलं, फेकून द्या. तर म्हणे अन्न फेकू नये. आणि धक्क्याच्या पायरीवर बसून, आम्ही सगळे ताटकळत असताना, मिस्टर पिलग्रिमांनी सहाच्या सहा केळी सावकाश चावून खाल्ली आणि साली नीट घडी करून कचऱ्याच्या पिंपात टाकल्या. कॉस्मॉसचं म्हणणं, केळी हातातून पोटात गेली म्हणून बोटीवरून गेली असं होत नाही. त्याची समजूत काढता काढता माझा अर्धा तास गेला, आणि निघण्याआधीची जी कामं मी रोज हाताने करतो ती त्या दिवशी घाईघाईत उरकावी लागली. त्यानंतर कॉस्मॉस दिवसभर कोणाशीही बोलला नाही. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

बाकीचे तिघे म्हणजे कॅनडाचा एक दाताचा डॉक्टर, त्याची बायको आणि बायकोची आई. ती म्हातारी एका हाताने लोकर विणत होती आणि दुसऱ्या हाताने तिने तासाभरात एक बोनिटो काढला, चांगला दोन माणसांच्या जेवणाएवढा. दिवसभरात बोटीवर आलेला तो एकमेव मासा, हे आताच सांगून ठेवतो. डॉक्टर सारखा विचारत होता की मोठा मासा मिळाला तर तो कोणाचा. मी सांगितलं, आपल्याकडे मासा बोटीचा. पाहुण्यांना एका जेवणापुरता तुकडा आणि हवे तेवढे फोटो. यावर बार्बेडोसला काय पद्धत आहे त्याची माहिती मिळाली. मी मागितली नव्हती.

मग केळ्यांनी आपला रंग दाखवला. लाटा काही फार नव्हत्या, पण सहा केळी म्हणजे सहा केळी. आता कोणीही शहाणा माणूस अशा वेळी कठड्यावरून वाकतो. पण मिस्टर पिलग्रिम पडले सभ्य. बायकामाणसांदेखत कसं वाकायचं, म्हणून त्यांनी जवळची पहिली पेटी उघडली, तोंड आत घातलं, काम उरकलं आणि झाकण अलगद लावलं. ती पताकांची पेटी होती, ताई. बाबांच्या पताका, जो मासा मिळेल त्याची परतताना काठीवर चढवायच्या त्या. मार्लिनची निळी, शिडमाशाची, टुनाची, सगळ्या. मी गिअर बदलायला वळलो, हे दृश्य बघितलं, आणि माझा गुडघा दांड्यावर आपटला तो असा.

अकरा वाजता उजव्या बाजूचा दोरा रिळावरून सरसर सुटायला लागला. मागे पाण्यातून मार्लिन वर आला, पूर्ण अंगानिशी, तो एवढा मोठा की मी आकडा लिहीत नाही, कारण तू विश्वास ठेवणार नाहीस. सकाळी चिठ्ठ्या टाकल्या होत्या त्याप्रमाणे पाळी मिस्टर पिलग्रिमांची. चेहरा कच्च्या पपईसारखा, तरी उठले, तोंड पुसलं, आणि मासा ओढायच्या खुर्चीत बसण्याआधी डॉक्टरच्या बायकोला विचारलं की तुम्हाला बसायचं आहे का. मासा तीनशे हात दोरा घेऊन पळतोय आणि हे आपले तुम्ही आधी, तुम्ही आधी! शेवटी बसले. एक तास वीस मिनिटं. एकदा गळाची काठी धरली की दुसऱ्याने हात लावायचा नाही हा नियम, म्हणून मी नुसताच बोट पुढेमागे करत होतो आणि मनातल्या मनात शिव्या देत होतो. ते मात्र माशाशी अहो-जाहो करत होते. या, म्हणे, सावकाश या. (हे मी माझ्या कानांनी ऐकलं.) मासा तीस फुटांवर आला, कॉस्मॉसने हातमोजे चढवले, आणि दोरा सैल पडला.

गेला. मिस्टर पिलग्रिमांनी उरलेला दोरा गुंडाळून आत घेतला, टोक हातात धरून क्षणभर बघितलं, आणि मग या माणसाने काय करावं? खिशातून नखं कापायची छोटी कात्री काढली, दोऱ्याचं टोक कापलं, रुमालात गुंडाळलं आणि खिशात ठेवलं. कचरा समुद्रात टाकू नये म्हणे. आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा हातातून गेलाय आणि हा माणूस टापटीप करतोय. मी त्याच क्षणी तुझ्या पत्राचं उत्तर ठरवलं.

परतताना मी सुकाणूवर, पुढे बघत, रागाने लाल. माझ्या पाठीमागे काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. कॉस्मॉसला दिसत होतं, पण तो बोलत नव्हता. मिस्टर पिलग्रिमांनी घाण केलेल्या पताका पेटीतून काढल्या, स्वतःच्या डबीतल्या साबणाने एकेक चोळून धुतल्या, आणि मागच्या दोन उंच काठ्यांमध्ये दोरी बांधून ओळीने वाळत घातल्या. एक मार्लिन, दोन शिडमासे, तीन टुना. वारा चांगला होता.

आणि दिवस कोणता? अठ्ठावीस जून. सेंट पीटरच्या सणाची आदली दुपार, सगळ्या गावाच्या चुली मासळीची वाट बघताहेत. आपल्याकडे पताका दिसली की काय होतं ते तुला सांगायला नको, लहानपणी टेकडीवरून ओरडत धावणारी तूच होतीस. अर्धं ग्वाव्ह धक्क्यावर. पाट्या, घमेली, सुरे, मासे विकणारी मिस ईना नवा एप्रन बांधून सगळ्यात पुढे, आणि कोणीतरी ढोलही आणला होता. बाबांनी कधी खोटी पताका चढवली नाही, मी तेवीस वर्षांत चढवली नाही. मी म्हाताऱ्या बाईचा बोनिटो वर धरला.

मिस ईनाने आधी माशाकडे बघितलं, मग पताकांकडे, मग माझ्याकडे. “रॉल, बाकीचे कुठायत रे? का तेही धुऊन वाळत घातलेत?”

जे हसू उठलं ते तुला ब्रुकलिनमध्ये ऐकू आलं असेल. मग कोणीतरी ओरडून विचारलं, मार्लिन लागला होता असं हे डॉक्टर म्हणतात, तो सोडला कोणी? मी तोंड उघडलं. तेवढ्यात मिस्टर पिलग्रिम धक्क्यावर चढले आणि टोपी काढून सगळ्यांसमोर उभे राहिले.

“मंडळी, पताका मी लावल्या. मासाही माझ्याच हातून गेला, रिळाचा ब्रेक मी नको तेवढा आवळला आणि दोरा तुटला. कॅप्टनची यात काही चूक नाही.”

“बार्बेडोसचे का तुम्ही?” मिस ईनाने विचारलं. ते हो म्हणाले. “तरीच,” ती म्हणाली. आणि यावर कडी म्हणजे, तिची रिकामी पाटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन ते तिच्याबरोबर चढ चढून तिच्या घरापर्यंत गेले, म्हणजे ज्यांनी खाली बघितलं नव्हतं त्यांनाही वरून बघायला मिळालं. काल बोटींना आशीर्वाद देताना फादरनी माझ्या बोटीवर दोनदा पाणी शिंपडलं. लोक अजून विचारताहेत, आज कपडे धुवायचा वार आहे का.

तेव्हा ताई, त्यांनी स्वतःच्या तोंडाने, भर गावासमोर कबूल केलंय. आणखी काय पुरावा हवा? माझं उत्तर नाही. हे पत्र त्यांच्याच हाती देतोय, उद्या सकाळी ते निघणार आहेत. पाकीट उघडणार नाहीत, तेवढी खात्री आहे.

तुझा कंटाळलेला भाऊ,
रॉल

ताजा कलम: मार्लिनसाठीच्या जाड दोऱ्याचं एक नवं रीळ कोणाबरोबर तरी पाठव. इथे चांगला मिळत नाही.

आणखी एक, १ जुलै, सकाळ: दोरा राहू दे. दोऱ्याला काही झालेलं नाही.

आणखी: मिस्टर पिलग्रिम आत्ता पत्र न्यायला आले होते. एल्माने कोको टी केला, त्यांनी कप स्वतः विसळला. मग मला ओट्यावर बाजूला नेलं आणि खिशातून तो रुमाल काढून माझ्या हातात दिला. “माझे वडीलही कोळी होते,” म्हणाले. “हे तुमच्याकडेच असू द्या.” आणि गाडीत सामान ठेवायला गेले.

रुमालातलं ते टोक या पाकिटात घातलंय. नीट बघ. बाबांनी गळाची गाठ मला शिकवण्याआधी तुला शिकवली होती. दोरा ताणाने तुटला तर टोक सरळ असतं. हे बघ कसं डुकराच्या शेपटीसारखं वळलंय. गाठ सुटली, ताई. माझी गाठ. रोज सकाळी जुनी कापून नवी बांधायची, हा बाबांचा नियम. त्या दिवशी मी बांधली नाही. केळ्यांच्या गोंधळात राहून गेली असं मी तुला वर सुचवलंय, पण केळी नसती तरी बांधली नसती, गेले कित्येक दिवस बांधत नव्हतो. दोरा सैल पडला त्याच क्षणी मला कळलं होतं. त्यांना टोक बघून कळलं, आणि कॉस्मॉसने बघायच्या आत त्यांनी ते कापून खिशात घातलं. मी मात्र एवढी पानं भरून सगळं त्यांच्या माथी मारलं. लेनॉक्सने याहून वेगळं काय केलं असतं?

मिस ईनाकडे जाऊन मी खरं सांगणार आहे. आज नाही, रविवारी, प्रार्थनेनंतर.

वरचं सगळं फाडून टाक आणि तारीख कळव. जून सोडून कुठलाही महिना चालेल. बोट सजवून आणतो.

दाजींना सांग, पताका वाळल्या.