पालथा पाव

आई, पॅरिसहून तुझ्या पेरीनचा नमस्कार.

मी खुशाल आहे. वेशीजवळच्या खाणावळीत राबते, दोन वेळा सूप मिळतं. तुझा गुडघा कसा आहे? तपकिरी गाय व्याली का?

एक गंमत सांगते. गिलोटीनखाली जाणाऱ्यांना लपवून शहराबाहेर काढणारा कुणी परदेशी इथे आहे, असं सगळे कुजबुजतात. परवा कोबीची गाडी घेऊन एक म्हातारी खाणावळीत आली. शिव्या अगदी आपल्या बाजारातल्या! पण तिने पाव टेबलावर पालथा ठेवला. पाववाले जल्लादासाठी राखलेला पाव पालथा ठेवतात, म्हणून घरात कुणी तसा ठेवला की तू आम्हाला चापट मारायचीस. आपल्यातलं शेंबडं पोरही ही चूक करणार नाही.

शेजारच्या टेबलावर बसलेला वेशीचा पहारेकरी त्या पावाकडे टक लावून बघायला लागला. मी झटकन पाव सुलटा केला. "मावशे, डोळे फुटले का गं तुझे?"

"फुटले गं बाई," ती म्हणाली. मनगट केवढं रुंद होतं तिचं!

गाडी वेशीबाहेर पडली. जाताना एक कोबी शिंकला.

काल दवंडी पिटली की तुरुंगातून एक अख्खं कुटुंब नाहीसं झालंय. तेव्हापासून तो पहारेकरी माझ्याकडे टक लावून बघतो.

तू काळजी करू नकोस. धाकटीला मात्र इकडे पाठवू नकोस. पत्र वाचून चुलीत घाल.

तुझीच,
पेरीन

ता. क. आज सकाळी पाववाल्याकडे गेले. माझा पाव त्याने फळीवर पालथा ठेवला होता.