डेसीच्या रानावरची घरं

सोपाना,

तू करोनानं गेलास, मला येता आलं नाय. रडगाणं पुरे, कामाचं ऐक.

तुझा नंदकुमार सारखा फोन करतो, "आत्या, हक्कसोडीवर सही कर, आपल्या मळ्यावर फ्लॅटचा टॉवर येतोय." करणारच होते. भावाच्या पोराला नाय म्हणायची आपल्यात रीत नाय.

इथं आयर्लंडात, क्लोनडॉकिनला माझ्या लेकीचं, चैत्रालीचं घर हाये, तिथं पूर्वी डेसी म्हाताऱ्याच्या गाई चरायच्या. सगळी वस्तीच त्याच्या रानावर. तो कोपऱ्यावर राहायचा. मला हातानं दाखवायचा, इथं गोठा, तिथं विहीर. बोलणं कळायचं नाय, रान कळायचं.

काल त्याची मयत गेली. मयतीला जायला बंदी, म्हणून इथली माणसं दारात उभी राहून निरोप देतात. गाडी गल्लीत हळू झाली. दारात मी एकटीच. चैत्राली आतून म्हणाली, "आई, कोण गं तो?"

सोपाना, ज्याच्या रानावर तिचं घर, त्याचं नावबी तिला ठाऊक नाय.

आज नंदकुमारला सांगितलं, सही नाय करत. तो म्हणाला, "मग आमच्या दारात येऊ नका." आत्याला अहोजाहो केलंन बघ.

नाय येत. गावी आले की मळ्यातल्या खोपीत राहीन. तेवढी तरी पडू देणार नाय.

तुझी आक्का, आता बिनमाहेरची