चार बोटं लांब केस

द्वारका, नवी दिल्ली, ११ जुलै २००४

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. नचिकेतदादाचं नाव याही वेळी त्यात नाही. राग येतो गं, स्पष्टच सांगते. मानेसरच्या कारखान्यातल्या सुपरवायझरचा खून त्यानं केला याला पुरावा काय, तर मृताच्या मुठीतला एक केस. सरकारी तज्ज्ञ म्हणाले, सूक्ष्मदर्शकाखाली दादाच्या केसाशी जुळतो. शास्त्रापुढे काय बोलायचं म्हणून जुने वकील गप्प बसले, दादाला जन्मठेप झाली आणि तू त्याच्याशी सात वर्षं अबोला धरलास.

नव्या वकील सुमित्राबाई म्हणतात, नुसतं बघून केस कुणाचा हे ठरतच नाही. जगात ही पद्धत मोडीत निघतेय. पण हायकोर्टात तेवढ्यानं भागेल का? तो केसही आता सापडत नाही, म्हणजे डीएनए चाचणी बिल्कुल बंद. अहवालात एवढंच, की केस चार बोटं लांब होता. हे आम्हांला आत्ता कळतंय!

मला चैन नाही. आमचा ऋग्वेद म्हणतो, मम्मा सारखी बाल्कनीत चक्कर मारते. येरझाऱ्या हा शब्दच लेकाला ठाऊक नाही.

लोभ कमी होऊ देऊ नकोस. रागावले तरी तुझीच,
क्षिप्रा

नाशिक, १९ जुलै २००४

चि. क्षिप्रास,
अ. उ. आ. वि. वि.

चार बोटं? अगं, भालचंद्र गेला, त्याचा तेरावा झाला त्याच आठवड्यातला ना तो खून? बापाच्या दहाव्याला नचिकेतनं गोदाकाठी डोकं तुळतुळीत केलं होतं. गुरुजी म्हणाले शेंडी ठेव, तर हा हट्टानं तीही उतरवून मोकळा! गुरुजी तणतणत निघाले, त्यांना मी हातापाया पडून परत आणलं. तेरावा झाला आणि पोरगा तसाच दिल्लीच्या गाडीत बसला. चार बोटं केस काय उसने आणले त्यानं? पोलिसांनी नमुना घेतला तो दिवाळीनंतर, केस वाढल्यावर. ‘जुळले’ एवढंच आपल्या कानावर आलं, लांबी कुणी विचारलीच नाही. जीव तुटतोय माझा.

गुरुजींना ते भांडण अजून पाठ आहे. त्यांना घेऊन येते, दोघांची साक्ष लावून घे. स्टेशनवर ये, गुडघे दुखतात.

सर्वांना आशीर्वाद, त्यालाही.
अहिल्याआत्या

द्वारका, ३ मार्च २००५

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दादा सुटला! केसाच्या असल्या जुळवाजुळवीवर शिक्षा टिकत नाही, असं निकालातच आहे. सरकारी वकिलांना तू ‘जरा मोठ्यानं विचारा’ म्हणालीस, त्यावर सुमित्राबाई अजून हसतात.

पण दादा स्वस्थ बसेना. त्याच्या बराकीत गाझियाबादचा श्याम नावाचा सुतार आहे. त्याच तज्ज्ञाच्या तसल्याच अहवालावर त्याला जन्मठेप झालीय. दादा उद्याच त्याच्या भेटीला निघालाय, त्याच तुरुंगात. मी विनवलं, चार दिवस तरी घरी राहा. तर म्हणाला, माझ्यासाठी आत्या आणि गुरुजी उभे राहिले. श्यामकडे साक्षीदार कुणी नाही, त्यानं केलं नाही एवढंच आहे.

मी डबा दोघांचा भरते आहे, दादाचा आणि श्यामचा. लोभ असाच राहू दे.
क्षिप्रा