आरतीची चिलटं आणि विहिरीकडचे आठ गुंठे

संपत, हा कागद तू उघडला आहेस, म्हणजे तो कुठे ठेवला हे तुला आठवलं. त्याबद्दल आधी कौतुक. स्वतःच्या लग्नात बाशिंग घरी विसरून वेशीवरून परतलेला माणूस तू, म्हणून दुसरी प्रत जावेदकडे आहे.

मी, ठकूबाई भगवंत दुरगुडे, राहणार पिंपरी पेंढार, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, वय अठ्ठ्याहत्तर किंवा ब्याऐंशी, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि दोन कप चहा पिऊन हे मृत्युपत्र सांगत आहे. मला अक्षर येत नाही. लिहितो आहे कचेरीसमोर बसणारा जावेद इब्राहिम मोमीन. तो म्हणतो, "आजी, वय एकच लिहावं लागतं." मग लहान लिही.

१. राहतं घर मुलगा संपत याला. त्याच्या बापाची कुरकुर त्याला आधीच मिळालेली आहे, ती वेगळी लिहीत नाही.

२. जाऊ चिमाबाई हिने त्र्याण्णव साली हळद दळायला नेलेलं माझं जातं तिलाच राहू द्यावं. मात्र दर दसऱ्याला घरातल्या कोणीतरी जाऊन "जातं बरं आहे ना?" एवढं विचारून यावं.

३. विहिरीकडचे आठ गुंठे नात आरती संपत दुरगुडे हिला. कारण सांगते, कारण संपत विचारणारच.

आरती पुण्याला विद्यापीठात केळ्यावर बसणारी चिलटं पाळते आणि ती म्हातारी कशी होतात ते बघते. तिने मला सांगितलं ते असं. अंगाच्या कणाकणात एक लांब दोरा असतो, त्यावर अंग कसं चालवायचं ते लिहिलेलं. त्या लिखाणात काही तुकडे उडाणटप्पू. जागा सोडून उडी मारतात आणि दुसऱ्याच्या ओळीत जाऊन बसतात, की तिथलं काम बिघडलं. तरुणपणी अंग त्यांना दाबून ठेवतं. म्हातारपणी पकड सुटते.

मी म्हटलं, "ह्यात शिकायचं काय गं? सासूचा धाक व्हता तवर सुना चुलीपाशी. सासूचे दात पडले की सुना गावभर."

आरतीच्या नाकातून चहा आला. मग म्हणाली, "पण आजी, सासू थकली म्हणून सुना उड्या मारतात, की सुना उड्या मारतात म्हणून सासू थकते? हेच अजून कोणाला नक्की ठाऊक नाही. मी तेच शोधतेय."

चुलीपाशी माझी सून, संपतची बायको साळुबाई. ती म्हणाली, "आत्याबाई, मला इचारा. मी तीस वर्सं जागची हलले न्हाई, तरी तुमी म्हाताऱ्या झालाच."

माझ्या अंगातल्या सुनांनी मात्र धुमाकूळ घातला आहे. गुडघ्यातली कानात जाते, कानातली डोळ्यात.

त्या आठ गुंठ्यांत माझा ठिपक्यांचा मका होतो. माझं माहेर डिंभ्याच्या धरणाच्या पाण्याखाली गेलं, हा मका तेवढा वर राहिला. आरती म्हणते, दाण्यावरचे ठिपके ही त्याच उडाणटप्पूंची करामत. रंगाच्या ओळीत तुकडा बसला की दाणा फिका, जिथून तो उठून गेला तिथे रंग परत. साळूला वाटलं रोग पडला, तिने दोन पाट्या कणसं कोंबड्यांना घातली. कोंबड्यांना ठिपके आले नाहीत. उरलेली सात कणसं चुलीवरच्या धुरात टांगली आहेत. ती साळूनेच पेरावीत, शेजारच्या चांगदेवाच्या हायब्रीड मक्यापेक्षा महिनाभर मागून. एका वेळी तुरे आले तर वाऱ्यावर सोयरीक जुळते आणि ठिपके जातात.

४. संपत, तू म्हणालास, "पोर पंचवीस वर्साची झाली, चिलटांची म्हातारपणं मोजती. दिवाळीनंतर बास, आणायची घरी." त्याचं उत्तर हे. तिचा अभ्यास पुरा होण्याआधी तिला परत आणलंस, तर कलम १ रद्द, आणि घरही आरतीचं. मग तू तिच्या घरात राहशील आणि ती म्हणेल तेव्हा चहा करशील. (जावेद हसला, म्हणून इथे शाई सांडली आहे. खाडाखोड समजू नये.)

५. चिलट जगतं दोन-अडीच महिने, आणि मेलेली रोजच्या रोज मोजावी लागतात. गेल्या साली यांच्या वर्षश्राद्धाला तुम्ही तिला चार दिवस अडकवलं, तिची दोन महिन्यांची मोजणी मातीत गेली. ती माझ्या पदरात तोंड घालून रडली. तुम्हाला वाटलं आजोबांसाठी. म्हणून मी मेले की तिला कळवावं, पण बोलावू नये. तिची मोजणी संपली की ती आपली आपण येईल. रडायचं तर तिथे रडेल, मोजत मोजत.

हे सगळं जावेदने मला दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा मी हसले नाही, म्हणून खरं धरावं.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा: ठकूबाई भगवंत दुरगुडे

साक्षीदार:
चांगदेव गेणू दुरगुडे, पिंपरी पेंढार (हायब्रीडची बदनामी मान्य नाही, बाकी मान्य)
गुलशन जावेद मोमीन, जुन्नर

जुन्नर, १२ सप्टेंबर २००७

एक राहिलं. जावेद म्हणतो पुन्हा अंगठा लागेल, लावला, शाई ओलीच होती. माझ्या तेराव्याचा डबा आरतीला पाठवावा. आळेफाट्याला शिवाजीनगरच्या एस.टी.त कंडक्टरच्या हातात द्यावा. लाडू नकोत, ती खात नाही. साळूच्या हातच्या मासवड्या, रस्सा वेगळा, घट्ट झाकणाच्या डब्यात, बाजरीच्या चार भाकरी. आणि कांदा अख्खा ठेवा, चिरू नका. ती तिकडे तिचा तिने फोडील.