चार खटके

बाबा, आज मी मीटिंगहून आले आणि पायातले बूटही न काढता लिहायला बसले. केलीव्हिलच्या या घरात आता मी एकटीच असते. वेस्टमीडच्या लॅबमधली नोकरी संपली, तुमचे जावई गेले, लेक मेलबर्नला असते. तिला माझा छंद मुळीच पसंत नाही. "मॉम, इट्स क्रीपी," म्हणते फोनवर. गराजमध्ये जमिनीला बोल्टने पक्की केलेली तिजोरी आहे, तिच्यात परवान्यावरची पाच जुनी रिव्हॉल्व्हरं. दर वेळी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो, त्या जातीची. एकही मी कधी झाडलेलं नाही. तुम्ही ओळखायचात तशी मी ती फक्त ओळखते.

कॅम्पातल्या तुमच्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात मी शाळा सुटल्यावर थेट यायचे, निळ्या ट्युनिकमध्ये, शाईच्या बोटांनी. तुम्ही रिकामं रिव्हॉल्व्हर माझ्या कानाशी धरता, मला डोळे मिटायला लावता आणि घोडा सावकाश ओढता. "किती खटके?" "चार." "चारही सारखे?" "तिसरा दमलाय, बाबा." तुम्ही हसता. मग नंबर. सांगाड्यावर, चापाच्या कडीवर, मुठीच्या पट्टीवर, तिन्ही ठिकाणी एकच नंबर हवा, तरच सगळे भाग मूळचे, आणि तोही नखाने चाचपून पाहायचा. जुना ठसा गुळगुळीत लागतो, बदललेल्या भागावर मागाहून मारलेला नखाला अडतो.

दर गुरुवारी एक निवृत्त सुभेदार यायचे. स्वतःच्या आजोबांचं रिव्हॉल्व्हर तेल घालायला आणायचे आणि तासभर चहा पीत बसायचे. एका गुरुवारी मी नंबर वाचले आणि त्यांच्यासमोरच म्हणाले, "काका, हे दोन रिव्हॉल्व्हरांचं मिळून एक केलेलं आहे." खरं कधी लपवू नये असं शाळेतल्या सिस्टरांनी शिकवलेलं, मला शाबासकीची खात्री होती. त्यांनी कप खाली ठेवला, रिव्हॉल्व्हर रुमालात गुंडाळलं आणि ते गेले. "त्यांनी विचारलं होतं तुला?" तुम्ही म्हणालात. "पण खरं होतं ना?" "विचारलं तर खोटं बोलायचं नाही. नाही विचारलं तर गप्प बसायचं. ते काय तेल घालायला येत होते का गं?" त्यानंतर कितीतरी गुरुवार तुम्ही दोन कप चहा मागवत राहिलात.

इथल्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी आम्ही संग्राहक जमतो. माझ्या शेजारच्या टेबलावर ऐंशी उलटलेला एक म्हातारा असतो, पूर्वी मेंढ्या पाळायचा. मला उशीर झाला तर माझ्या खुर्चीवर स्वतःची टोपी ठेवून ती अडवतो. "अगं लव्ह, मला वाटलं तू मेलीस की काय!" असं मोठ्याने ओरडतो. अख्ख्या महिन्यात मला हसवणारा तो एकटाच. आज त्याने फ्लॅनेलची घडी उलगडली. पणजोबांचं रिव्हॉल्व्हर, नातवासाठी ठेवून जाणार आहे. "तुला नंबर कळतात. सगळं मूळचंच आहे ना? खरं सांग हं."

सांगाडा ठीक. पट्टी ठीक. चापाच्या कडीवर नंबर तोच होता, पण नख अडलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा अडलं.

मी घोडा ओढला. "ऐक. चार खटके, चारही स्वच्छ." एवढंच बोलले. "यू ब्यूटी!" त्याने टेबलावर थाप मारली. "पुढच्या वेळी स्कोन्स माझ्याकडून, तू तुझा तो आल्याचा चहा आण."

हा कागद घडी करून तिजोरीत, त्या पाचांच्या खाली ठेवीन. गाडी चालवताना मी स्वतःला समजावत होते की म्हाताऱ्याचं मन राखलं. तसं नाही, बाबा. त्याने विचारलं होतं, सरळ माझ्या डोळ्यांत बघून विचारलं होतं. मला ती टोपी ठेवलेली खुर्ची हवी होती.