श्रावणातच दिसलं होतं

भूम,
१८ जानेवारी २०२५

प्रिय अर्पू,
सप्रेम जयभीम.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून हसली असशील. बारावीनंतर आपण एकमेकींना पत्र लिहिलेलं नाही, आणि सतत मोबाईल हातात असणाऱ्या दीक्षाला आता हे काय सुचलं, असं वाटेल. पण फोनवर मी काही अवघड बोलायला लागले की तू "जाऊ दे गं" म्हणतेस, आणि मग मीही जाऊ देते. म्हणून कागद.

इथं सगळं ठीक. थंडी हटत नाही. तुरी निघाल्या, ज्वारी हुरड्यात आहे. आमची आई नेहमीसारखी साऱ्या गल्लीची खबर ठेवून आहे. ती रोज सकाळी तुमच्या घरी जाऊन काकूंची वेणी घालते, ब्लाऊजचे हूक लावते, आणि आल्यावर मला काकूंचं सांगते. मी स्वतः परवापासून तिकडं गेलेले नाही.

काकूंच्या उजव्या हाताची तीन बोटं आता उघडत नाहीत. धाराशिवच्या डॉक्टरांनी दिलेल्या आमवाताच्या गोळ्या त्यांना सोसल्या नाहीत, बंद कराव्या लागल्या. डावा हात अजून वाचू शकतो, पण नवीन औषध या महिन्यात सुरू व्हायला हवं, असं डॉक्टरांनी बजावलंय. सोलापूरच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. मंगळवार, २८ तारीख, सकाळी अकरा. हे दोनदा वाच.

आता दुसरं.

संक्रांतीला फोनवर तू मला विचारलंस, "दीक्षा, आईचं हे तुझ्या कधी लक्षात आलं?" मी म्हणाले, दिवाळीत. तू माझे आभार मानलेस. "तू होतीस म्हणून निदान कळलं तरी. आईनंच लपवलं असणार, तिचा स्वभावच तसला," म्हणालीस. मी "हं" म्हणाले. त्याच संध्याकाळी तू काकूंना फोन करून नाही नाही ते बोललीस, आणि तेव्हापासून त्यांचा फोन उचलत नाहीस.

दिवाळीत नाही, अर्पू. श्रावणात.

माझं काम तुला साधारण माहीत आहे. ज्यांचे सांधे धरलेत, त्यांना त्यांच्याच कामावर टिकवायचं. औषध देणं माझं काम नाही, पण कुणाला डॉक्टरकडं पाठवायचं हे ओळखणं माझंच काम आहे. होळीनंतर काकू माझ्याकडं आल्या तेव्हा मला वाटलं, पंधरा वर्षं शिवलिंगप्पांच्या भट्टीवर खवा घोटून हात झिजलेत, बाकी काही नाही. मी भट्टीवर जाऊन चार दिवस नुसती बघत बसले. मग उलथण्याच्या दांड्याला सायकलची ट्यूब आणि सुती पट्ट्या गुंडाळून तो चांगला जाड केला, म्हणजे बोटं आवळावी लागू नयेत. कढईशेजारी उंच स्टूल ठेवलं, मनगटाला पट्टा दिला, दुधाची बादली दोघींनी मिळून उचलायची अशी सवय लावली. शिवलिंगप्पा हसले, "आता भट्टीवर खुर्च्या मांडू का बाई?" पण काकूंची कढई कधी खाली लागेना, तेव्हा गप्प बसले.

काकू काय खूष होत्या म्हणून सांगू! "दीक्षे, लई गुणाची हाईस बग. आता साठीपतूर माझं काम सुटत न्हाय." दर सोमवारी न चुकता केंद्रावर यायच्या. आमच्या संस्थेच्या तक्त्यात 'कामावर टिकलेले' असा एक रकाना आहे. त्यात पहिलं नाव काकूंचं, लक्ष्मीबाईंचं होतं. मला त्याचा किती गर्व होता, हे लिहिताना लाज वाटते.

नागपंचमीनंतरच्या सोमवारी काकू म्हणाल्या, "सकाळी दोन-दोन तास मूठच वळत न्हाय गं." मी हात हातात घेतला. सांधे गरम होते, आणि बोटं करंगळीच्या बाजूला झुकायला लागली होती. कॉलेजात यावर दहा मार्कांचा प्रश्न आला होता, मी तो सगळा बरोबर लिहिला होता. मला तिथल्या तिथं कळलं की ही झीज नाही, हा आमवात आहे, आणि याला माझ्या ट्यूबनं आणि स्टुलानं काही होणार नाही. त्याच दिवशी चिठ्ठी लिहून रक्त तपासायला पाठवायचं होतं.

मी पट्टा थोडा सैल करून दिला आणि पुढच्या सोमवारी या म्हणाले.

का, ते सांगते. डॉक्टर म्हणणार, काम थांबवा. म्हणजे रकान्यातलं पहिलं नाव जाणार. पुढच्याच महिन्यात पुण्याहून संस्थेची मोठी माणसं येणार होती, त्यांना दाखवायला भट्टीवर काकूंचा व्हिडिओ काढायचा होता. आणि माझा करार दिवाळीला संपणार होता. काकूही म्हणाल्या होत्या, "दवाखान्यात नगं पाठवू, मालक दुसरी बाई लावील." हे वाक्य मला फार उपयोगी पडलं. दिवाळीपर्यंत मी त्याच्या आड लपले. पण त्यांना आपल्याला काय झालंय हे माहीत नव्हतं, आणि मला माहीत होतं.

करार वाढल्यावर चौथ्या दिवशी मी त्यांना धाराशिवला घेऊन गेले. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "तीन महिने आधी का नाही आणलं?" काकूच म्हणाल्या, "ह्या पोरीनंच आणलं सायेब, न्हायतर मी कुठली येतीय." मी ते तसंच राहू दिलं. डिसेंबरात त्यांचं काम सुटलं.

तुझ्या फोननंतर काकूंचं रडणं आईनं येऊन सांगितलं. परवा दुपारी मी गेले. त्यांनी डाव्या हातानं मला तिळगूळ दिला. तो हातात धरूनच मी सगळं सांगून टाकलं.

"सरावनात?" त्यांनी विचारलं.

"हो काकू."

त्यांनी आपला उजवा हात मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, "मग त्यो व्हिडू काढताना उजवा हात पदराखाली घ्या म्हनलीस, ते ह्यासाठी व्हय?"

मी मान हलवली. बोटं दिसू नयेत म्हणूनच सांगितलं होतं.

"मला वाटलं, भट्टीनं हात काळं पडल्यात म्हनून म्हनलीस. दुसऱ्या दिसापासनं मी राखंनं घासून घासून हात धुवत व्हते."

अर्पू, त्या ओरडल्या असत्या, चार थोबाडीत मारल्या असत्या, तर मी सोसलं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "जा आता. सोलापूरला मी तुझ्यासंगं येत न्हाय. कुनासंगंच येत न्हाय. जे व्हायचं ते झालंय." काल आईनं समजावून पाहिलं. तिलाही नाही म्हणाल्या.

खरं सांगितल्यावर आपलं मन हलकं होईल, असं मला वाटलं होतं. मन हलकं झालं नाही, आणि काकूंनी दवाखाना तेवढा सोडला. त्यांचा डावा हात आता तुझ्यावर आहे. दुसऱ्या कुणाचं त्या ऐकणार नाहीत. तू सव्वीसच्या रविवारी निघून ये. रिपोर्टांची फाईल आमच्या आईकडं ठेवली आहे, वरच्या कागदावर डॉक्टरांचं नाव आणि पत्ता लिहिलाय. तुम्ही दोघी असाल तिथं मी येणार नाही. श्रावणातल्या त्या सोमवारची नोंद मी तेव्हा केली नव्हती. काल ती लिहून, माझ्या सहीनं, संस्थेला पाठवली आहे. पुढं ते काय करतील ते करतील.

तू मला काय म्हणशील ते मी ऐकून घेईन, पण आज नाही. हे वाचून झालं की आधी तुझ्या आईला फोन लाव. त्यांनी तुझ्यापासून काहीच लपवलं नव्हतं गं. त्या दर सोमवारी येऊन आपले हात माझ्यापुढं ठेवत होत्या.

त्यांनी जिच्यावर भरवसा ठेवला ती,
दीक्षा